काजऱ्याचं बांडगूळ

आमच्याकडे बांडगूळ हा शब्द झाडासाठी एकदा वापरतात आणि माणसासाठी दहादा. कामाला हात न लावता भावाच्या घरी जेवणारा तो बांडगूळ, सासुरवाडीला मुक्काम ठोकून बसलेला जावई तो बांडगूळ. मी स्वतः माणसाला हा शब्द कधी लावत नाही. चांगुलपणा वगैरे काही नाही त्यात, माझ्यात तो बेताचाच आहे. पण एके वर्षी हे बांडगूळ मी माझ्या हाताने घरात आणलं, तीन महिने रोज सकाळी उगाळून नवऱ्याला पाजलं, आणि ते कुठल्या झाडाचं ह्याबद्दल साफ खोटं बोलले. ते खोटं का बोलले हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आता सांगते. ऐकून रागावण्यासारखं आता कोणी राहिलेलं नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बांडगूळ मातीत उगवत नाही, दुसऱ्याच्या फांदीवर उगवतं. आमच्याकडे जास्त करून आंब्यावर. एवढीशी पाखरं असतात, चिमणीहून लहान, ती त्याची फळं खातात. आतली बी इतकी चिकट की खाली पडायचं नाव घेत नाही. शेवटी बिचारं पाखरू फांदीला ढुंगण घासून ती पुसून टाकतं. झालं! तिथेच ती रुजते. फांदीला गाठ येते, गाठीतून जाड पानांचा झुबका फुटतो, आणि थंडीत त्याला नळीसारखी शेंदरी फुलं येतात. लांबून वाटतं, वा, काय आंबा फुललाय. जवळ गेलं की कळतं, आंब्याचं ह्यात काही नाही.

माझं माहेर रोह्याला लागून, वरसे गावात. आता तिथे इमारतीच इमारती झाल्यात, पण माझ्या लहानपणी आमच्या घरामागे भाताची शेतं होती. वडील शेती करायचे आणि झाडांबद्दल घरातल्या माणसांपेक्षा जास्त बोलायचे. आमच्या बांधावर एक काजरा होता. काजऱ्याला नारिंगी, गोल, लहान मोसंब्याएवढी फळं येतात, दिसायला अशी की कोणालाही खावीशी वाटतील. आत चपट्या बिया, कोटाच्या बटणासारख्या. त्या बिया म्हणजे जालीम विष. वडील मला त्या झाडाखाली खेळू द्यायचे नाहीत. त्याच्यावर एक बांडगूळ होतं, त्याची फुलं मला हवी होती, आंब्यावरच्या बांडगुळाची फुलं आम्ही पोरं चोखायचो तशी चोखायला. वडिलांनी माझा हात असा धरला की दुखला. म्हणाले, ‘‘ते त्याच्याच अंगावर दूध प्यायलंय. झाडात जे हाय तेच त्याच्यात उतरणार. आंब्यावरचं खा, ह्याला शिवायचं नाय.’’

एवढं एकच वाक्य मी माहेरून नेलं असं म्हटलं तरी चालेल. बाकी भांडी होती.

लग्न होऊन मी पेणच्या आत, गागोदे बुद्रुकच्याही पुढच्या एका गावात आले. घरात नवरा आणि सासू. पुढे एक मुलगी झाली, ती शाळेसाठी वरसेला माझ्या आईकडे राहायची. नवरा डोलवीला कंपनीत, ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होता. उंच, दांडगा माणूस. बोलणं मोजकं. आमचं भांडण झालं की मी बोलायचे आणि ते बूट घालून कामाला जायचे. मला त्याचा फार राग यायचा. भांडायला समोर कोणी तरी हवं ना!

त्या वर्षी कार्तिकात भात झोडून झालं होतं आणि ओल होती तोवर वाल पेरून घेतला होता. पहिल्या शिफ्टला जायचं म्हणून ते पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. मी डबा घेऊन मागे उभी. नाडी हातातून सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. मी म्हटलं, ‘‘काय चाललंय? गाडी जाईल.’’ त्यांनी मान वळवली आणि काही तरी म्हणाले, पण शब्द तोंडातून वाकडे होऊन बाहेर आले. तोंडही वाकडं होतं. मग ते हळूच उजवीकडे कलंडले आणि तसेच राहिले. सासू आतून आली, बघितलं आणि खालीच बसली. ‘‘वारं गेलं गो,’’ म्हणाली. ‘‘माझ्या पोराच्या अंगावरून वारं गेलं.’’

पनवेलला दवाखान्यात तीन आठवडे काढले. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलेला होता, कधी तपासला नव्हता का? आम्ही एकमेकींकडे बघितलं. कोण तपासतो? गोळ्या दिल्या, हाताचे व्यायाम दाखवले, आणि सांगितलं, सुधारेल, पण धीर धरावा लागेल. किती, ते सांगितलं नाही.

घरी आणलं त्या दिवसापासून माझं काय झालं ते मला नीट शब्दात सांगता येत नाही. दुःख झालं असतं तर बरं झालं असतं. मी रडले नाही. बायका भेटायला यायच्या, माझ्याकडे बघत बसायच्या, आता रडेल मग रडेल म्हणून, आणि चहा पिऊन जायच्या. मी पहाटे उठायचे, त्यांना पुसायचे, कपडे बदलायचे, कूस बदलायचे. एवढा मोठा माणूस एकटीने कुशीवर करणं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच ठाऊक. भरवायचे. घास तोंडाच्या उजव्या बाजूने परत बाहेर यायचा, तो पुसायचे. मग शेतावर, मग परत, मग पुन्हा तेच. त्यांचं अर्धं अंग बधिर झालं होतं, माझं सगळं. विस्तवावरचं पातेलं मी एकदा फडक्याशिवाय उचललं. बोटं भाजली हे मला सासू ओरडली तेव्हा कळलं.

आता सासू. तिचा देवावर विश्वास बेताचा, डॉक्टरवर त्याहून बेताचा, झाडपाल्यावर मात्र ठाम. तिचं माहेर खाडीकडचं. तिथे म्हणे मिठागरावर काम करणाऱ्या एका माणसाच्या अंगावरून असंच वारं गेलं होतं आणि त्याला काजऱ्याच्या बांडगुळाने उभं केलं. पुन्हा पाटी उचलायला लागला. हे तिने मला त्यांच्या खाटेशी बसूनच सांगितलं, त्यांचा पाय चोळता चोळता.

‘‘सहाणेवर पाण्यात उगाळायचं. दोन वळसे. तिसरा घालायचा नाय. काजऱ्याचा जीव त्याच्यात असतो. तिसरा घातलास तर पोर हातचा जाईल माझा.’’

‘‘मग तुम्हीच उगाळा ना, आई.’’

‘‘माझा हात थरथरतो गो. दोनाचे चार होतील. तूच आण, तूच उगाळ.’’

ते खाटेवर पडून आढ्याकडे बघत होते. ऐकू त्यांना सगळं येत होतं, बोलता येत नव्हतं एवढंच. आम्ही मात्र माणूस खोलीत नसल्यासारखं बोलायचो. घरात आजारी असला की असंच होतं.

वडिलांचं वाक्य मला आठवलं नाही असं नाही. मी म्हटलंदेखील, विष आहे ते, आई. सासू म्हणाली, ‘‘डॉक्टरच्या गोळ्या काय पेढे हायत? औषध विषाचंच असतं, मापात घेतलं की औषध.’’ खरं सांगायचं तर वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. जा म्हणाली, मी कोयती घेऊन निघाले.

दुपारची वेळ. आमच्या शेताच्या वर, ओढा ओलांडला की डोंगराच्या कडेला तो काजरा आहे. खाली फळं पडलेली, काही फुटलेली. बांडगूळ फार वर नव्हतं, हात उंचावला की कोयती पोचेल एवढ्यावर. चांगलं जुनं, मनगटाएवढ्या गाठीचं. मी कोयती गाठीला लावली.

आणि माझ्या मनात आलं, तीन वळसे. चार वळसे. कोणाला कळणार आहे?

खोटं कशाला सांगू, अगदी असंच आलं. वारं गेलेला माणूस गेला तर लोक सुटला म्हणतात. बायकोला कोणी विचारत नाही, उलट म्हणतात, बिचारीने केलं हो फार. मग मला झोप मिळेल, हेही मनात आलं. मला त्यांचा राग नव्हता. द्वेष असता तर त्याला काही तरी ऊब असती. मला फक्त झोपायचं होतं. ह्या सगळ्या विचाराने हात कापला नाही, घाम फुटला नाही. बाजारातून मीठ आणायचं आहे असं मनात यावं तसं ते आलं. त्याचीच मला मग भीती वाटली. विचार येऊन गेला ह्याची नव्हे, तो इतका साधा वाटला ह्याची.

मी कोयती काढून घेतली. खूप वेळ तिथेच खाली बसून राहिले. काजऱ्याचं बांडगूळ घरात आलं तर ते रोज सकाळी माझ्याच हातात असणार होतं. एखाद्या दिवशी चुकून तिसरा वळसा पडेल, आणि तो चुकून पडला की मुद्दाम, हे मला स्वतःलाही सांगता येणार नाही, एवढं मला तिथे बसून कळलं.

परतताना आमच्या बांधावरच्या रायवळ आंब्यावरचं बांडगूळ तोडलं आणि घरी नेलं.

झाडावरून उतरवलं की आंब्याचं बांडगूळ आणि काजऱ्याचं बांडगूळ सारखंच दिसतं. तीच पानं, तेच खोड. वास घेऊन ओळखेल असा माणूस मला भेटलेला नाही. सासूने ते दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावलं. ‘‘काजऱ्याचंच ना गो?’’

‘‘व्हय,’’ मी म्हणाले. एका शब्दात झालं काम.

खोडाचा बोटाएवढा तुकडा सावलीत वाळवला आणि उगाळायला सुरुवात केली. सहाण त्यांच्या खाटेजवळच असायची, चुलीपासून दोन हातांवर. पहिले आठ दिवस मी मोजून दोन वळसे घातले, कारण सासू समोर बसायची आणि बोटं धरून मोजायची. मग तिचा विश्वास बसला, ती गोठ्याकडे जायला लागली. मी मोजायचं सोडून दिलं. आंब्याचं तर होतं! एका हाताने उगाळायचं, दुसऱ्या हाताने चुलीतलं लाकूड आत सारायचं, डोळे भाकरीवर. दहा झाले, बारा झाले, कोण बघतंय. सहाणेवर घट्ट तपकिरी गंध जमायचं. ते वाटीत काढायचं, वर मधाचं बोट, आणि त्यांच्या तोंडाशी न्यायचं.

प्यायच्या आधी ते माझ्याकडे बघायचे. रोज. मला वाटायचं कडू लागत असेल, म्हणून. मी म्हणायचे, ‘‘लहान पोरासारखं काय करताय? घ्या.’’ ते घ्यायचे.

एक दिवस सासूने मागून येऊन बघितलं आणि किंचाळली, ‘‘अगो, किती घातलेस?’’ मी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, मी हळूहळू वाढवत नेलंय, काही त्रास नाही, उलट बरंच वाटतंय त्यांना. तिने मुलाला डोळे उघडायला लावले, जीभ बघितली, नाडी धरल्यासारखं केलं. तो चांगला जिवंत. तेव्हापासून ती गावभर सांगायला लागली की आमची सूनबाय काजरा पचवून दाखवते. एकदा खोटं बोललं की पुढचं लोकच बोलतात आपल्या वतीने.

आणि फरक पडत होता, त्याचंच तर सगळं लफडं झालं. डॉक्टरांनी मुठीत दाबायला चेंडू द्या म्हणून सांगितलं होतं. चेंडू कुठला, मी भाकरीच्या पिठाचा गोळा द्यायचे. सासू दिवसातून दोनदा तेल लावून चोळायची, तिच्या थरथरत्या हातांना तेवढं बरोबर जमायचं. पौष संपता संपता एका सकाळी पिठाच्या गोळ्यावर अंगठ्याचा खड्डा पडलेला दिसला. मी तो गोळा सासूला दाखवला. ती तो घेऊन शेजारणीकडे पळाली. मग शब्द सुटायला लागले. आधी ‘पाणी’, मग माझं नाव, अर्धंमुर्धं. सासूच्या डोळ्यांतून धारा. मला आनंद झाला का? झाला असावा. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, एवढं आठवतं.

खालच्या आळीत नात्यातली एक काकी होती. तिच्या नवऱ्याच्या अंगावरून माघात वारं गेलं. आमच्याचसारखं, उजवीकडून. ती सासूकडे आली तेव्हा मी शेतात होते, वालाच्या शेंगा तयार झाल्या होत्या. दुपारी घरी आले तर सासू एकदम खुशीत, सुपात वाल पाखडत बसलेली.

‘‘काकी येऊन गेली सकाळी. सांगितलं तिला सगळं. काजरा कुठं हाय तेपण दाखवून दिलं.’’

मी तांब्या तोंडाला लावला होता, तो खाली घेतला. ‘‘काय सांगितलंत?’’

‘‘काय म्हणजे? औषध. म्हटलं, दोन वळसे, दोन वळसे म्हणतात ते उगाच. आमच्यात पंधरा पंधरा होतात, काय होत नाय. जास्त घातलंस तर लवकर उठेल.’’

पुढे ती काही बोलली ते मी ऐकलंच नाही. तांब्या तिथेच टाकला. आमच्या घरापासून खालची आळी फार लांब नाही, पण मी आयुष्यात तेवढी धावले नाही, आधीही आणि नंतरही. वाटेत कोणी तरी हाक मारली. पायातली एक चप्पल निघून गेली, मी थांबले नाही. किती तरी महिन्यांत मला पहिल्यांदा काही तरी वाटत होतं आणि ती भीती होती.

काकी ओटीवरच होती. सहाण पुढ्यात. ओलं, ताजं खोड, हिरवट गंध निघत होतं. ती मोठ्याने मोजत होती. नऊ. दहा.

‘‘काकी, थांबा! ते देऊ नका.’’

‘‘का गो? अजून पाच राहिले.’’

‘‘विष आहे ते. आमच्याकडचं काजऱ्याचं नव्हतं. मी आंब्यावरचं आणलं होतं. सगळ्यांना खोटं सांगितलं मी.’’

तिने हात थांबवला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, समजली. कसलं काय!

‘‘मग तुझा नवरा उठला कसा?’’

‘‘उठला कुठे? अंगठा हलला, चार शब्द बोलतात. ते गोळ्यांनी आणि तेलाने.’’

‘‘तेलानं?’’ ती हसली. फार वाईट हसली. ‘‘तुझा अंगठा हलला, माझ्याचा हलायला नको. असंच ना? तुझं काम झालं, आता झाड तुझ्या मालकीचं.’’

मी वाकून सहाण उचलली आणि अंगणात पालथी केली. वर पाणी ओतलं. ते उरलेलं खोडही घेतलं, तिच्याच कोयतीने बारीक केलं आणि तिच्या चुलीत टाकलं. ती माझ्या पाठीवर बुक्के मारत होती, शिव्या देत होती. आळीतल्या बायका जमल्या. तेवढ्यात सासू धापा टाकत पोचली. काकीच्या शिव्यांतून आंब्याचं तेवढं तिने ऐकलं होतं.

‘‘आंब्याचं?’’ ती म्हणाली. ‘‘आंब्याचं होतं? तीन महिने?’’

‘‘व्हय.’’

‘‘का गो? काजरा तिथंच तर हाय. का नाय आणलंस?’’

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. काकीही मारायची थांबली. आत तिचा नवरा खाटेवर पडलेला, तोही ऐकत असणार. मी म्हणाले, ‘‘भीती वाटली.’’

‘‘कसली?’’

‘‘विषाची.’’

तेही खरंच होतं की. पण अर्धं. उरलेलं अर्धं त्या अंगणात कसं सांगायचं होतं मी? सासू माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला काही तरी कमी पडतंय असं वाटत होतं, पण काय ते तिला धरता येत नव्हतं. शेवटी म्हणाली, ‘‘मग माझा पोर कशानं बरा होतोय?’’

‘‘तुमच्या तेलाने, आई.’’

ती वळली आणि घरी निघाली. मी तिच्या मागे, एक पाय अनवाणी.

काकीच्या नवऱ्याला दुसऱ्या दिवशी तिचे भाऊ पनवेलला घेऊन गेले. पुढे तो काठी घेऊन चालायला लागला, चांगला चालायचा, आमच्या दारावरून दुकानात जायचा. पण काकी माझ्याशी त्या दिवसानंतर बोलली नाही. माझ्यामुळे तो पुरता बरा झाला नाही, काठी राहिली, हे तिने मनाशी धरलं ते धरलंच. मी तो जीव वाचवला असं गावात कोणी मानत नाही. मीही मानत नाही, कारण धोका मीच तर निर्माण केला होता. पंधरा वळसे माझ्याच सहाणेवरून तिच्या सहाणेवर गेले होते.

आमचे हे त्यानंतर बरीच वर्षं जगले. उजवा हात पूर्ण आला नाही, कामावर परत गेले नाहीत, पण वालाच्या शेतात बसून शेंगा सोलायचे, मुलीच्या लग्नात मांडवात उभे राहिले. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता जे सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं, त्याच दुपारचं आहे आणि त्यापुढे मला काही सांगायचं नाही.

आम्ही खालच्या आळीतून आलो. सासू घरात आली नाही, मागच्या दारी जाऊन बसली. मी आत गेले. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते, तेवढं बसायला यायला लागलं होतं. आरडाओरडा त्यांना ऐकू गेला असावा, आणि सासूने मागच्या दारातून मोठ्याने कोणाला तरी सगळं सांगायला सुरुवात केलीच होती. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी खाटेच्या पायाशी खाली बसले.

‘‘काज... ऱ्याचं... नव्हतं?’’ त्यांनी विचारलं. त्या दिवसांत त्यांना एकेक शब्द ओढून काढावा लागायचा.

‘‘नव्हतं.’’

‘‘पहिल्या... दिवसापासून?’’

‘‘पहिल्या दिवसापासून.’’

मी वाट बघत होते. आता विचारतील, का नाही आणलंस. सासूने विचारलं होतं, उद्या सगळं गाव विचारणार होतं. मी ठरवलं होतं, ह्यांनी विचारलं तर सांगून टाकायचं. झाडाखाली काय मनात आलं ते शब्दन्‌शब्द. मग जे व्हायचं ते होऊ दे. पण त्यांनी ते विचारलंच नाही.

‘‘सतरा,’’ ते म्हणाले.

‘‘काय सतरा?’’

‘‘वळसे. मी... मोजायचो. पडल्या पडल्या... आवाज यायचा. एकदा... सतरा घातलेस.’’

मला आधी कळलं नाही. मग कळलं. दोनाच्या पुढे तिसरा घातला तर पोर हातचा जाईल, हे सासूने ह्याच खाटेशी बसून सांगितलं होतं. ह्यांच्यासाठी ते काजऱ्याचंच होतं. रोज सकाळी हा माणूस सहाणेचा आवाज मोजत पडून राहिला होता. पाच. नऊ. बारा. सतरा. आणि मग मी वाटी तोंडाशी नेली की माझ्याकडे बघायचा.

‘‘ओरडायचं ना!’’ मी म्हणाले. ‘‘डावा हात चालत होता तुमचा. वाटी ढकलायची. आईला खुणेनं सांगायचं. प्यायलात कशाला?’’

त्यांनी बराच वेळ तोंड हलवलं. शब्द येत नव्हते, का येत होते आणि आत ढकलत होते, देव जाणे.

‘‘तू,’’ ते म्हणाले, ‘‘फार... दमली होतीस.’’